दाद मागायची कुणाकडे?

सांगली जिल्ह्यातल्या विट्याला संघटनांचं वावडं नाही. दिवाळी जवळ आली की यंत्रमाग कामगार बोनससाठी मालकापुढे बसतो. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले इथले लोक जातील तिथे आपलं मंडळ उभं करतात. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वकील, व्यापारी, सगळ्यांच्या संघटना आहेत. या सगळ्यांच्या मोर्च्यांना बंदोबस्त देणाऱ्या पोलीस शिपायाला मात्र संघटना नाही. सरकारच्या मंजुरीशिवाय त्याने ती काढली, तर तो गुन्हा ठरतो.

तो ठरावा का, यावरचा हा एका घरातला वाद. मामा लेंगऱ्याकडचे. ऐंशीच्या सुमारास मुंबईत शिपाई म्हणून भरती झाले, पुढे जिल्हा बदलून सांगलीत आले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. भाची विट्याच्या कोर्टात वकिली करते आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही घेते. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे कायदे, निकाल आणि तारखा खऱ्या आहेत. पोलीस शिस्तीच्या बाजूने बोलेल आणि वकील हक्काच्या, असं कुणालाही वाटेल. इथे उलटं आहे.

मामा : मार्च २०२३ आठव. जुन्या पेन्शनसाठी राज्यभरचे सरकारी कर्मचारी १४ तारखेला संपावर गेले. कचेऱ्यांपुढं 'एकच मिशन, जुनी पेन्शन'च्या घोषणा आणि समोर बंदोबस्ताला पोलीस. त्यातला जो १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झाला, त्याचीही जुनी पेन्शन गेलेलीच होती. घोषणा देणाऱ्याचं आणि त्याला अडवणाऱ्याचं दुखणं एकच. २० तारखेला सरकार कर्मचाऱ्यांच्या पुढाऱ्यांशी बोललं, संप मिटला. त्या बैठकीत शिपायाच्या वतीनं कोण बसलं होतं?

भाची : कुणी नाही. पण पेन्शनचं जे काही ठरेल, ते शिपायालाही लागू होणारच की. दुसऱ्यांनी भांडून आणलेलं तुम्हाला आयतं मिळतं.

मामा : पेन्शनचं मिळेल. ड्युटीचं काय? कारकुनांचा पुढारी आमच्या ड्युटीबद्दल कशाला बोलेल? दसऱ्याचंच घे. रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत तू गच्चीतून बघतेस. खाली जो शिपाई दोर धरून उभा असतो, त्यानं आदल्या रात्री गस्त घातलेली असते. सकाळी हजेरी. हजेरी मास्तर नाव आणि पॉइंट वाचतो, की निघायचं. पालख्या जागेवर पोचल्या, लोक सोनं वाटायला घरी गेले, तरी पॉइंट सोडता येत नाही. रात्री ठाण्यात येऊन डायरीला आमद, म्हणजे परत आल्याची नोंद, लावायची आणि मग घर. त्या आठवड्याची साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तात गेलेली असते. आधी गणपती झालेला असतो, पुढं निवडणूक असते.

भाची : तास जास्त आहेत, यावर माझा वाद नाही. पण त्यासाठी संघटनाच हवी का? मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, ती आंदोलनानं झाली नाही. तिथल्या एका शिपायानं डोकं लावून वेळापत्रक बसवलं, आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढं ठेवलं, त्यांनी ते उचललं.

मामा : त्या शिपायाला सलाम आणि त्या साहेबांनाही. पण दुसरा एखादा साहेब 'तू मला शिकवणार का' म्हणाला असता, तर तोच शिपाई दुसऱ्या दिवशी मुख्यालयात जमा झाला असता. मग त्यानं जायचं कुठं? साहेब चांगला भेटणं हे नशीब झालं. हक्क त्याला म्हणत नाहीत.

भाची : मग १९८२ चं सांगा. संघटना असली की काय होतं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मामा : सांगतो, झाकत नाही. तेव्हा मी नायगावच्या पोलीस लायनीत होतो. गिरण्यांचा संप १८ जानेवारीपासून चालू होता. लालबाग-परळात संपावर बसलेली माणसं आपल्याच सातारा-सांगलीची, आणि त्यांच्यापुढं काठी घेऊन उभे आम्ही. एकाच घरातला एक भाऊ गिरणीत, दुसरा पोलिसात. महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना होती आमची. १५ ऑगस्टला पोरांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला पुढाऱ्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. रिबेरो पोलीस आयुक्त. त्यानंतर जे झालं ते वाईट झालं.

भाची : नुसतं 'वाईट' म्हणून चालणार नाही. पोलीस रस्त्यावर उतरले, लोकल अडल्या, दुकानं फुटली, लष्कर बोलवावं लागलं. गिरणी कामगार संपावर गेला की कापड थांबतं. पोलीस संपावर गेला की माझ्या घराचं दार असुरक्षित होतं. तुमची आणि त्यांची बरोबरी इथंच संपते.

मामा : मान्य. म्हणून मी संप मागतच नाही. संपाचा हक्क पोलिसाला नसावा, हे मी लिहून देतो. मी मागतोय ती बोलायची जागा. आणि १९८२ चा क्रम नीट बघ. आधी अटक आणि मान्यता रद्द, त्यानंतर दंगल.

भाची : क्रम मलाही पाठ आहे. दिल्लीच्या पोलीस कर्मचारी संघाला डिसेंबर १९६६ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल १९६७ मध्ये आंदोलन झालं. मान्यता गेली. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये निकाल सरकारच्या बाजूनं लागला. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला अधिकार देतं, की सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी आखडता येतील. त्या आधारावर १९६६ चा कायदा उभा आहे. मंजुरीशिवाय संघटनेत गेलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मामा : पण त्यातच 'मंजुरीशिवाय' हा शब्द आहे ना? म्हणजे मंजुरी देता येते.

भाची : येते. केरळात पोलीस असोसिएशन आहे, तिच्या निवडणुका होतात. बिहारात पोलीसमेन्स असोसिएशन आहे. कायदा एकच, एका राज्यानं मंजुरी दिली, दुसऱ्यानं नाही.

मामा : आणि केरळचं पोलीस दल काही कोसळलं नाही. बरं, भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांची केंद्रीय संघटना आहे. एखाद्या अधिकाऱ्याचा अपमान झाला, की ती निवेदन काढते. साहेब एकत्र आले तर शिस्त मोडत नाही, आणि शिपाई एकत्र आले की मोडते, हा कुठला न्याय? शेजारी कर्नाटकात २०१६ च्या जूनमध्ये पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली, तर पुढाऱ्यावर थेट राजद्रोहाचा गुन्हा लावला.

भाची : तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मीच देते. पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा इंग्रजांनी १९२२ मध्ये इथं आणला. का आणला? त्यांच्याकडं १९१८ मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले, १९१९ मध्ये पुन्हा संप झाला, लिव्हरपूलला तर लष्कर उतरवावं लागलं. संपावर गेलेल्यांना कामावरून काढलं ते कायमचं. पण १९१९ च्या कायद्यानं तिकडं दोन गोष्टी एकदम केल्या. संघटना आणि संप बंद केला, आणि त्याबदली पोलीस फेडरेशन नावाची अधिकृत प्रतिनिधी संस्था दिली. ती आजही पगार, तास, सोयी यांवर सरकारशी बोलते.

मामा : म्हणजे तिकडं बंदी आणि बैठक दोन्ही. इकडं नुसती बंदी.

भाची : तेवढंही सरळ नाही. १९२२ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय, की सरकारनं मान्यता दिलेल्या पोलीस संघटनेनं मान्य नियमांत राहून काही केलं, तर तो गुन्हा धरायचा नाही. म्हणजे अशी संघटना असू शकते हे इंग्रजांनीही गृहीत धरलं होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ ती तरतूद पुस्तकात पडून आहे.

मामा : मग तू विरोध कशाला करतेस?

भाची : कारण मला सांगली शहर पोलीस ठाणं आठवतं. नोव्हेंबर २०१७. लुटीच्या संशयावरून आणलेला अनिकेत कोथळे कोठडीत मेला. कागदावर काय, तर आरोपी पळाला. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळलेला निघाला. उपनिरीक्षकासकट पोलिसांनाच अटक झाली, तपास सीआयडीकडं गेला. उद्या तुमची संघटना असती, तर ती कुणाच्या बाजूनं उभी राहिली असती?

मामा : कोथळेच्या बाजूनं, असं मी म्हणणार नाही. खोटं होईल ते. पण संघटना नव्हती, तेव्हा हे घडलं ना? 'शिस्त' होती. कायदा होता, साहेब होते, डायरी होती. मग त्या शिस्तीनं एका पोराचा जीव का नाही वाचवला?

भाची : वाचवला नाही. पण निदान कारवाईच्या आड कुणी आलं नाही. अमेरिकेत काय होतं बघा. मिनिआपोलिसमध्ये २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवणाऱ्या डेरेक शोव्हिनविरुद्ध आधी डझनभराहून जास्त तक्रारी झाल्या होत्या. तरी तो गणवेशात होता. तिथल्या पोलीस युनियन नुसत्या पगारावर बोलत नाहीत. चौकशी कशी करायची, जुन्या शिक्षेची नोंद किती वर्षांनी पुसायची, बडतर्फीवर लवाद कोण नेमायचा, हे सगळं करारात लिहून घेतात. काढून टाकलेला पोलीस लवादाकडून परत येतो. शेवटी तिथले पोलीस प्रमुख मेडारिया अराडोंडो यांनी जून २०२० मध्ये जाहीर केलं, की युनियनबरोबरच्या कराराच्या वाटाघाटींतून मी बाहेर पडतोय. सामूहिक वाटाघाटीचा हक्क एकदा दिला, की तो ड्युटीच्या तासांवर थांबत नाही मामा. तो माझ्या अशिलाच्या पाठीवरच्या वळांपर्यंत येतो.

मामा : आता माझं ऐक. शिक्षा तू बाहेरून बघतेस, मी आतून बघितलीय. कसुरी अहवाल जातो. मग ओआर, म्हणजे ऑर्डर्ली रूम. टोपी-पट्टा बाहेर काढून ठेवायचा, सावधानमध्ये साहेबांपुढं उभं राहायचं. 'काय म्हणणं आहे?' एका वाक्यात सांगायचं. तोवर शिक्षा बहुतेक ठरलेली असते. सक्त ताकीद, ज्यादा ड्रिल, महिन्याच्या पगारापर्यंतचा दंड, वेतनवाढ बंद. यातलं ड्रिल सोपं. वेतनवाढीचा फटका मात्र पेन्शनीपर्यंत जातो. कसूर काय? उशिरा आला, रजेवरून परत आला नाही. का आला नाही? आई दवाखान्यात होती. ते कुणी लिहीत नाही.

भाची : अपील आहे त्यावर. मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण आहे.

मामा : अपील त्याच खात्यात वरच्या साहेबाकडं. आणि मॅट मुंबईला. सांगलीच्या शिपायानं तारखेला मुंबई गाठायची, वकील लावायचा, आणि त्यासाठी रजा कुणाकडं मागायची? ज्यानं शिक्षा केली त्याच्याकडं. आणि १९८२ ला तर ओआरही नव्हती. कलम ३११ च्या पोटकलमाखाली चौकशीशिवाय पोलीस बडतर्फ केले. काय केलं, कुणी पाहिलं, काही विचारलं नाही.

भाची : सर्वोच्च न्यायालयानं त्या बडतर्फ्या १९८६ मध्ये ग्राह्य धरल्या. आदल्याच वर्षी तुलसीराम पटेल खटल्यात घटनापीठानं सांगितलं होतं, की चौकशी करणं व्यवहारात शक्यच नसेल, तर ती टाळता येते. दंगलीच्या दिवशी साक्षीदार कुठून आणणार?

मामा : कायद्यानं बरोबर असेल. पण दुकान लुटणारा आणि लायनीत नुसता उभा असलेला, यांत फरक कुणी केला? आणि हे लक्षात घे, अशा धाकातल्या माणसाच्या हातात तुझा अशील येतो. ओआरमध्ये ज्याचं कुणी ऐकून घेत नाही, तो ठाण्यात दुसऱ्याचं ऐकून घेईल का?

भाची : हे वाक्य ऐकायला छान आहे, पण मी ते स्वीकारत नाही. कारकुनाला त्याचा साहेब टाकून बोलतो, म्हणून कारकून कुणाच्या तळपायावर पट्टा मारत नाही. थकवा समजून घेईन. मारहाणीला ती सबब होऊ देणार नाही.

मामा : सबब म्हणत नाही मी. बरं, ते सोड. तुझ्या अशिलाला मार बसला, तर आज तू तक्रार कुठं करतेस?

भाची : ठाण्यात घेत नाहीत. मग उपअधीक्षक, मग पोलीस अधीक्षक, मग कोर्टात खासगी फिर्याद. प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळं प्राधिकरण नेमा. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं आणली. कागदावर आहेत. पण विट्यातल्या किती लोकांना ती माहीत आहेत? आणि प्राधिकरणानं दोष दाखवला, तरी पुढची कारवाई सरकारनं आणि खात्यानंच करायची.

मामा : म्हणजे मार खाल्लेला माणूस शेवटी अधीक्षकांच्या केबिनबाहेर बसतो. आणि अन्याय झालेला शिपाईही त्याच बाकावर.

भाची : हो. आणि आत एकच माणूस. त्याला वाटलं तर शिपायाचा बळी देऊन लोकांना शांत करतो, वाटलं तर लोकांना वाटेला लावून शिपायाला पाठीशी घालतो.

मामा : मग भांडण आपलं दोघांचं नाही. त्या एका केबिनचं आहे.

भाची : तसं असेल तर वाटणी करू. ड्युटीचे तास, साप्ताहिक सुट्टी, घरं, दवाखाना, पेन्शन, बंदोबस्ताचा भत्ता. यावर पोलिसांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी सरकारशी बोलावं, लेखी करार करावा. संप नाही, राजकीय पक्षाशी संबंध नाही. इथवर मी तुमच्या बाजूला येते.

मामा : बदल्या?

भाची : बदल्यांसाठी २०१४ च्या दुरुस्तीनं आस्थापना मंडळं आली आहेत. संघटनेनं मंडळापुढं म्हणणं मांडावं, नावं ठरवू नयेत. नाहीतर संघटनेचा पुढारीच नवा आमदार होईल.

मामा : हे पटतं. चांगल्या ठाण्यासाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवावे लागतात, ते मला विचार. आता शिक्षा.

भाची : उशिरा येणं, गैरहजेरी, गणवेश, उद्धटपणा, म्हणजे खात्याच्या आतल्या कसुरी. त्यात शिपायाबरोबर त्याचा एक मित्र किंवा प्रतिनिधी उभा राहू दे. आरोप लेखी, उत्तराला मुदत, अपील दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडं. चालेल. पण नागरिकाला मारहाण, कोठडीतला मृत्यू, लाच, खोटी नोंद, यात संघटनेचा शब्द नाही. तिथं कराराची भाषाच नाही. तक्रार स्वतंत्र प्राधिकरणाकडं, आणि त्याचा निष्कर्ष खात्याला बंधनकारक.

मामा : आणि बंदोबस्तात गर्दी अंगावर आली, काठी चालवली, एकाचं डोकं फुटलं? हे तुझ्या कुठल्या खान्यात? तू म्हणशील मारहाण. मी म्हणेन हुकूम. हुकूम देणारा साहेब बाजूला राहतो आणि व्हिडिओत दिसतो तो शिपाई निलंबित होतो. त्याला वकील कोण देणार? खर्च कोण करणार?

भाची : बचावाचा खर्च संघटनेनं खुशाल करावा. आरोपीला वकील हवाच, त्यावर माझं पोट आहे. पण चौकशी कशी चालावी, हे संघटनेनं ठरवायचं नाही. आणि हुकूम कुणी दिला, हे प्राधिकरणानं पहिल्यांदा विचारायचं.

मामा : हे लेखी असेल, तरच मी मान डोलवेन. नाहीतर तुझ्या प्राधिकरणातही शेवटी शिपाईच सापडेल.

भाची : आणि तुमच्या करारात हळूच एखादं कलम घुसेल, जुन्या नोंदी पुसायचं. त्यासाठी मी डोळ्यांत तेल घालून बसेन.

दोघांचं एकमत इथवर येऊन थांबतं. निलंबन किती काळ चालावं, बंदोबस्तातला बळाचा वापर कुणी तपासावा, यावर मामा आणि भाची उद्याही भांडतील, आणि भांडावंच. पण सरकारला आज करता येईल अशी एक गोष्ट या वादातून निघते. १९६६ च्या कायद्यात मंजुरीची सोय आहेच; त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. राज्याने संप आणि राजकारण वगळून पोलीस शिपायांच्या प्रतिनिधी मंडळाला अटी घालून मंजुरी द्यावी, आणि त्याच दिवशी तक्रार प्राधिकरणाचे निष्कर्ष बंधनकारक करणारी दुरुस्ती मांडावी. पहिलं एकटं दिलं तर मिनिआपोलिसच्या वाटेला लागू. दुसरं एकटं दिलं तर चौकशीच्या टोकाला दरवेळी सगळ्यात खालचा शिपाई उभा असेल आणि दल ते प्राधिकरण आपलं म्हणून कधीच मानणार नाही.

ज्या भागाने १९४२ नंतर प्रतिसरकार चालवलं, त्याला हे समजायला जड जाऊ नये. सरकारी न्याय आपला वाटेनासा झाला, तेव्हा लोकांनी न्यायाची दुसरी जागा शोधली होती. आज शिपाईही दुसरी जागा शोधतोच. तो आमदाराकडे जातो, नाहीतर पोलिसांच्या मुलांच्या नावाने निघालेल्या संघटना त्याच्यासाठी निवेदनं देतात. संघटनेवरच्या बंदीने सौदा थांबलेला नाही. तो फक्त अशा ठिकाणी गेला आहे, जिथे त्याची नोंद राहत नाही आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही.